मोरीत हात कोणाचा?



दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटाचा हिशोब लवकर आटोपला. चहा होईपर्यंत गप्पा सुरू झाल्या आणि त्या वळल्या मोरीकडे. आमच्यातल्या एकीच्या घरी नरक चतुर्दशीच्या पहाटे अकरा माणसं आंघोळीची होती. चौथ्याची आंघोळ होता होता मोरी तुंबली. तेल, उटणं आणि साबण यांचं पाणी घोट्यापर्यंत चढलं आणि उंबऱ्यावरून आत यायला लागलं. सासरे ओसरीवरून ओरडत होते. दीर म्हणाले, गावातून मिस्त्री आणतो, पण दिवाळीच्या पहाटे कोण येणार? एक पाहुणा म्हणाला, बाटलीभर ॲसिड ओता. शेवटी तिनेच नव्या साडीचा पदर खोचला, जाळी उचकटली आणि कोपरापर्यंत हात घातला. हा एवढा केसांचा बोळा निघाला.

हे सगळं तिने हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. मग एकीने सहज विचारलं, "तुझ्या आधी त्या मोरीत हात कोणाचा जायचा?" ती म्हणाली, "सासूबाईंचा. आणि त्यांच्या आधी त्यांच्या सासूचा." मग आम्ही एकमेकींकडे बघितलं. प्रत्येकीच्या घरची वंशावळ हीच होती.

म्हणून आज आपण इतिहास सांगणार आहोत तो या मोरीचा. राजांच्या लढाया पुस्तकात आहेत. आंघोळीचं पाणी कुठून गेलं, कुठे अडलं आणि ती वाट मोकळी कोणी केली, हे तिथे फारसं सापडत नाही. बोलता बोलता मोरी मोकळी कशी करायची तेही सांगू, कारण त्या बैठकीत सगळ्यांना हवं होतं तेच.

सुरुवात फार लांबून करावी लागते. सिंधू नदीच्या काठी, आज पाकिस्तानात असलेल्या सिंध प्रांतात, मोहेंजोदडो नावाचं शहर होतं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. १९२२ साली तिथे खोदकाम सुरू झालं आणि मातीखालून घरं, रस्ते, विहिरी निघाल्या. निघाल्या त्यात न्हाण्याही होत्या. भाजलेल्या विटा इतक्या घट्ट बसवलेल्या की फटीतून पाणी मुरू नये, आणि फरशीला एका कोपऱ्याकडे उतार. त्या कोपऱ्यातून पाणी भिंतीबाहेर जायचं आणि गल्लीतल्या गटाराला मिळायचं. न्हाणी बहुधा रस्त्याकडच्या भिंतीलगत असायची. आपल्या गवंड्याला आपण आज जे सांगतो, "उतार नीट काढ, पाणी साचलं तर पैसे देणार नाही," ते तिथल्या कोणा बाईनेही सांगितलं असेल.

पण आम्हाला उतारापेक्षा जास्त आवडली ती दुसरी गोष्ट. घरातलं पाणी थेट गटारात सोडलेलं नव्हतं. मध्ये एक खड्डा असायचा. त्यात गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी पुढे जायचं. लांबच लांब गटारांना मध्ये मध्ये असेच खड्डे ठेवलेले होते. गटारावर विटा झाकलेल्या, कुठे चुनखडीच्या फरश्या, पण त्या चुन्याने पक्क्या केलेल्या नव्हत्या, नुसत्या ठेवलेल्या होत्या. का? उचलता याव्यात म्हणून. म्हणजे ज्याने गटार बांधलं त्याला बांधतानाच माहीत होतं की हे तुंबणार आहे, आणि तुंबल्यावर कोणाला तरी ते उघडावं लागणार आहे. आपल्याकडे नव्या घराची न्हाणी बांधतात तेव्हा जाळी सिमेंटमध्ये गाडून टाकतात, वर सुंदर टाईल्स. मग ती उचकटायला छिन्नी-हातोडा लागतो. साडेचार हजार वर्षांत आपण इथे थोडे मागेच आलो.

मोहेंजोदडोचं खोदकाम काही वर्षं अर्नेस्ट मॅके नावाच्या इंग्रज संशोधकाने चालवलं. त्याने एक गंमत नोंदवून ठेवली आहे. गटारांच्या कडेला ठिकठिकाणी वाळूचे, गाळाचे छोटे ढीग मिळाले. गटार उपसलं, गाळ बाजूला काढून ठेवला आणि न्यायचा राहिला! तो हजारो वर्षं तिथेच. पावसाळ्याआधी आपल्या गल्लीत नेमकं हेच होतं. गाळ काढतात, कडेला लावतात, आणि पहिल्या पावसात तोच गाळ परत गटारात. त्या ढिगांवर कोणाचं नाव नाही. पण कोणाचा तरी हात तिथे गेला होता, एवढी साक्ष ते ढीग देतात.

आता आपल्या मुलखात येऊ. मधला काळ फार मोठा आहे, तो आपण उडी मारून ओलांडतो. पुण्याची एक गोष्ट मात्र वाटेत सांगतो. सन १७५० च्या सुमाराला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, जमिनीखालच्या बांधीव नळातून. माणूस उभा चालू शकेल एवढा तो नळ. त्यावर ठरावीक अंतरावर जमिनीवर उघडणारी तोंडं ठेवली होती, त्यांना उच्छ्वास म्हणायचे. हवा खेळायला आणि माणसाला उतरून गाळ काढायला. म्हणजे हौदात येणाऱ्या पाण्याचा एवढा विचार झाला होता. घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा विचार बाईने करायचा.

आणि बाईने तो केला होता. आमच्यातल्या वयस्कर बायांनी सांगितलेली जुन्या घरातली न्हाणी अशी. परसदारी किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक मोठी फरशी, तिला उतार, भिंतीला खाली एक भोक. बाजूला तांब्याचा बंब किंवा चुलीवरचा हंडा, घंगाळ, टाचा घासायला दगड. ज्यांच्याकडे भिंत नव्हती त्यांच्याकडे तुराट्यांचा नाहीतर किलतानाचा आडोसा, आणि त्या आडोशामागे उजाडायच्या आत उरकायची आंघोळ. भोकातून पाणी बाहेर पडलं की समोर अळू, केळ, कर्दळ. नळी नव्हतीच, त्यामुळे तुंबायचं काय? भोकात सापडलं तर पालापाचोळा, नाहीतर घुशीने उकरलेली माती. काठीने ढोसलं की मोकळं. उलट ते भोक बंद ठेवायची चिंता जास्त. साप, उंदीर, विंचू आत येऊ नयेत म्हणून रात्री त्याला चिंध्यांचा बोळा लावायचा. "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा" ही म्हण आपण वापरतो, ती त्या बोळ्यावरून आली आहे.

न्हाणी हा शब्दही बघा. स्नान वरून न्हाण आला. आंघोळ रोजची, पण बायकांच्या बोलण्यात 'न्हाणं' म्हणजे डोक्यावरून. मुलगी वयात आली की 'न्हाण आलं' म्हणायचे. चार दिवसांनी न्हायचं, बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, सणाला न्हायचं. म्हणजे बाईच्या आयुष्यातलं जे जे काही घडलं ते न्हाणीच्या फरशीवरून वाहून गेलं. लांब केसांचं ते न्हाणं शिकेकाईने, रिठ्याने व्हायचं. तो चोथा मोरीत जाऊ द्यायचा नाही, गाळून टाकायचा, असा जुन्या बायांचा दंडक होता.

केसांचाही दंडक होता. विंचरताना गळलेला केस कुठेही टाकायचा नाही. गुंतवळ गोल गुंडाळून कोनाड्यात किंवा छपराच्या वाशात खोचायची. केस ताटात आला तर वाईट, पायात आला तर वाईट, अशी भीती घातलेली असे. पण नुसती भीती नव्हती, व्यवहारही होता. दारावर केस घेणारी यायची. गुंतवळीवर सुया, फणी, पोत मिळायची. पुढे स्टीलची वाटी, मुलांना फुगे. आजही काही गावांत ही हाक येते. ज्या केसाला किंमत होती तो मोरीत गेला नाही.

ही न्हाणी सगळ्यांच्या वाट्याला नव्हती, हेही आज सांगायला हवं. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्या वस्तीतल्या बाईला न्हाणीपेक्षा पाणी मिळणं हीच आधीची लढाई होती. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं गेली ती ओंजळभर पाण्यासाठी. मोरी तुंबते ही तक्रारसुद्धा ज्याच्या घरात पाणी पोचलं त्याची असते. पाण्याची आणि घाणीची ही वाटणी जातीने कशी केली होती, त्याकडे आपण पुढे येऊच.

मग तुंबणारी मोरी आली कधी? नळी आली तेव्हा. आणि नळीबरोबर ट्रॅप आला तेव्हा.

इंग्लंडात लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाचा एक घड्याळजी होता. १७७५ साली त्याने शौचकूपाखालच्या नळीला बाक दिला, इंग्रजी एस अक्षरासारखा. पाणी वाहून गेलं तरी त्या बाकात थोडं पाणी अडून राहतं. ते पाणीच दार. खालचा वास, किडे त्या पाण्याला ओलांडून वर येत नाहीत. आपल्या पूर्वीच्या बायकांनी भोकाला चिंध्यांचा बोळा लावला, या घड्याळजीने पाण्याचा बोळा लावला. युक्ती तीच. पण पाणी थांबतं तिथे गाळही थांबतो. वास अडवायला केलेल्या जागेतच केस अडकतात, आणि तेव्हापासून मोरी तुंबण्याची जागा ठरून गेली.

मुंबईत विहार तलावाचं पाणी नळाने आलं १८६० मध्ये. घरात पाणी वाढलं, पण ते बाहेर नेणारी गटारं त्या मानाने झाली नाहीत. पाणी आणायची घाई सगळ्यांना, घालवायची सवड कोणाला नाही, हे तेव्हाही होतं. गावाकडून, रत्नागिरी-सातारकडून गिरण्यांत गेलेली माणसं एका खोलीच्या चाळीत राहिली. त्या खोलीच्या कोपऱ्यात एक मोरी. तिथेच भांडी, तिथेच आंघोळ, तिथेच रात्री लहान मुलांचं. पडदा ओढला की न्हाणी, पडदा सारला की स्वयंपाकघर.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. रोग घाणीच्या वाफेतून येतो अशी तेव्हाच्या बऱ्याच अधिकाऱ्यांची समजूत. म्हणून शहराची गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकच्या औषधाने धुवायला काढली. लोकांच्या घरात शिरून भिंतींना चुना, मोरीत औषध. प्लेग त्याने थांबला नाही, कारण तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता, आणि तो शोध १८९८ मध्ये लागला. पुण्यात सावित्रीबाई फुले याच साथीत रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. सरकार मोरीत औषध ओतत होतं त्या दिवसांत ही बाई आजारी माणसाला हाताने उचलत होती.

याच मुंबईच्या बांधकामाने आपला एक शब्द देशभर नेला. न्हाणीच्या फरशीत बसवायच्या ट्रॅपला इंजिनिअरांच्या कागदावर नाव आहे 'नहाणी ट्रॅप'. इंग्रजीत लिहिलेल्या अंदाजपत्रकातही हेच नाव असतं, दिल्लीला असो की मद्रासकडे. उत्तरेकडचे मिस्त्री त्याला 'नानी ट्रॅप' म्हणतात, त्यांना वाटतं कोणा आजीचा असेल. दुकानात तो मागताना आता तुम्ही जरा ताठ उभ्या राहा. शब्द आपला आहे.

आता हा ट्रॅप तुंबतो कशाने? केस हे एकटं कारण नाही. दुसरं आहे साबण. इंग्लंडचा सनलाइट साबण पेट्यांत भरून कलकत्त्याच्या बंदरात उतरला १८८८ मध्ये, आणि पुढच्या काही दशकांत वडी गावोगाव पोचली. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं, बोअरचं पाणी बरेच ठिकाणी जड असतं. त्यात साबणाचा फेस होत नाही, फाटलेल्या दुधासारखे चोथे होतात. पाण्यातला चुना आणि साबण मिळून होणारा हा चिकट थर नळीच्या आत बसतो. त्यात डोक्याचं तेल, उटण्याचं पीठ, आणि आता शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा. केस दोरीचं काम करतात आणि हा थर लेपाचं. दोन्ही मिळून चांगला मजबूत बोळा वळला जातो. नुसतं गरम पाणी ओतून तो जात नाही. थोडा विरघळतो, पुढे सरकतो आणि आणखी लांब, हात न पोचेल अशा जागी जाऊन बसतो.

म्हणून आधी ओतायचं नाही, आधी काढायचं.

जाळी उचला. जाळीखाली बहुतेक ट्रॅपमध्ये एक उलटी वाटी किंवा कप बसवलेला असतो, तो फिरवून किंवा सरळ वर ओढून निघतो. निम्म्या मोऱ्या इथेच मोकळ्या होतात, कारण बोळा त्या वाटीला गुंडाळलेला असतो. हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला. आत पोचत नसेल तर जाड तारेला टोकाशी माशाच्या गळासारखा आकडा करा, आत घाला, फिरवा, ओढा. ढकलू नका, ओढा. बोळा बाहेर आला की रबरी पंप असेल तर तो तोंडावर दाबून बसवा. रबर बुडेल एवढं पाणी मोरीत असू द्या, दुसरं भोक असेल तर ओल्या फडक्याने बंद करा, आणि वर-खाली आठ-दहा झटके द्या. मग धुण्याचा सोडा टाकून गरम पाणी. प्लॅस्टिकची नळी असेल तर पाणी उकळतं नको, ती वाकते. हाताला चटका देईल इतपत बास. शेवटी वाटी परत बसवायची, हे विसरायचं नाही. ती अडचण म्हणून फेकून दिली की घरात वास आणि झुरळं, मग म्हणायचं नवीन घराला दृष्ट लागली. पाहुण्यांसाठी बांधलेली न्हाणी महिनोन्महिने वापरात नसेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि वास येतो. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता.

आकड्याच्या तारेचीही एक मोठी बहीण आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात सॅम्युअल ब्लँक नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात, मुलाच्या घरची नळी तुंबली म्हणून, धुलाईयंत्राची मोटर आणि पोलादी दोर जोडून नळीत फिरणारं यंत्र केलं. झाडांच्या मुळ्या कापत ते पुढे जायचं. त्याला नाव सुचवलं त्याच्या बायकोने. आपल्याकडे शहरात प्लंबर जी स्प्रिंग घेऊन येतो ती त्याच जातीची. मुंबईच्या गटारांत मात्र फार काळ बांबूच्या लांब कामट्याच चालल्या, आणि कामटी जिथे थांबली तिथे माणूस उतरला.

ॲसिडबद्दल आता बोलतो. आमच्याच गटात दोन वर्षांपूर्वी एकीने आधी ब्लीचिंग पावडर टाकली, काही होईना म्हणून वरून ॲसिड ओतलं. पिवळट धूर निघाला, ती खोकत बाहेर पडली, दोन दिवस छाती धरून होती. ही दोन कधीही एकत्र करायची नाहीत, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. कॉस्टिक सोड्याची पुडीही जपून. ती पाण्यात पडली की उकळल्यासारखी तापते आणि उडते. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धूत राहायचं आणि सरळ दवाखाना. आणि तुमच्या आधी कोणी मोरीत काही ओतलंय का, हे विचारल्याशिवाय हात घालायचा नाही.

हात. परत तिथेच येतो आपण.

घरातल्या मोरीत सुनेचा हात. गल्लीतल्या गटारात कोणाचा? तिथे आपण बघतही नाही. पिढ्यान् पिढ्या ते काम ठरावीक जातींवर लादलं, आणि वर म्हटलं की ते त्यांचं कामच आहे. सुनेला म्हणतात तसंच. फरक हा, की सून कधीतरी सासू होते. त्यांची सुटका तशी वयाने होत नव्हती.

ही साखळी मोडू बघणारी माणसं आपल्याकडे झाली. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. रस्ते झाडायचे, गटार उपसायचे, आणि रात्री कीर्तन. गावाला त्यांनी आधी करून दाखवलं, मग सांगितलं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन होते. १९३२ साली ते सत्याग्रही कैदी म्हणून रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैलासफाईचं काम मागितलं. तुरुंगाने नकार दिला, कारण त्या कामाला तुरुंगातही जात ठरलेली होती. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्याला ३ डिसेंबरला उपास धरला. कल्पना करा, एक माणूस घाण उपसायला मिळावी म्हणून उपाशी राहतो. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी आयुष्यभर मैल्याचं खत करण्याचे प्रयोग केले.

कायदा फार उशिरा आला. हाताने मैला उचलण्याला बंदी करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा आणि जास्त कडक २०१३ चा. सुरक्षेची साधनं न देता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा त्यात गुन्हा आहे. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, की १९९३ पासून अशा मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख रुपये द्या. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे माणसं अजून मरत होती.

हे शहरातलं म्हणून सोडून देऊ नका. आता गावोगाव सेप्टिक टाक्या आहेत. टाकी भरली, चोकअप झाली की घरमालक कोणाला तरी पाचशे-हजार रुपयांना उतरवतो. झाकण उघडलं की आत सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. तो जास्त असला तर वास येणंच बंद होतं, आणि माणूस एका श्वासात कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही कोसळतो. तुमच्या दारची टाकी उपसायची असेल तर उपसणारी गाडीच मागवा. ग्रामपंचायतीला विचारा, नगरपालिकेला विचारा, चार घरं मिळून खर्च करा. "दोन मिनिटांचं काम आहे" असं कोणी म्हणालं तरी दारात आडवं उभं राहा. आणि मोरीचं पाणी शौचालयाच्या खड्ड्यात सोडू नका, खड्डा लवकर भरतो आणि उपसायची वेळ लवकर येते.

मग मोरीचं पाणी सोडायचं कुठे? त्याचं उत्तर नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन दिलं. गल्लीतली उघडी गटारं गेली, डास कमी झाले, आणि तो 'नांदेड पॅटर्न' म्हणून इतरत्र गेला. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, खाली मोठे दगड, वर बारीक, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी. मोरीचं पाणी आधी त्या टाकीत पडतं. केस, गाळ तिथे थांबतो, पाणी भोकांतून दगडांत आणि जमिनीत. आम्ही तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हाला मोहेंजोदडोचा गाळ बसायचा खड्डाच आठवला. विहिरीपासून, हातपंपापासून निदान पन्नास फूट लांब घ्या. काळ्या चिकण मातीत तो पाणी पीत नाही, तिथे आपली केळ-कर्दळच बरी.

आणि त्या टाकीवरचं झाकण उचलता येईल असं ठेवायचं. वरून माती लोटून, फरशी ठोकून बंद केलेले खड्डे आम्ही दोन वर्षांत तुंबलेले पाहिले आहेत.

ज्या मैत्रिणीच्या मोरीपासून सुरुवात झाली तिच्या घरी आम्ही परवा गेलो होतो. न्हाणीच्या खिडकीत तारेचा आकडा टांगलेला होता आणि भिंतीवर खडूने वार लिहिलेले. बुधवार दिराचा, रविवार नवऱ्याचा. सासऱ्यांचं नाव नव्हतं, पण दुपारी तेच जाळी काढून बसले होते, वाटी परत कशी बसते ते त्यांना सापडत नव्हतं. तिने दाखवलं नाही. चहा ठेवला.

पुढच्या गुरुवारी आपल्या गटाच्या शेडमागे शोषखड्डा खणणार आहोत. येताना टोपली, पहार आणि घरातला एक तरी पुरुष आणा.